फक्त हात: लालबागच्या दुकानाच्या भिंतीसाठी प्रकल्प नोंदी

३ जून २०२५, मंगळवार

आज बाबांचं कटिंगचं दुकान बंद असतं म्हणून भिंत मोजून घेतली. बाकाच्या वरची जागा, ११ फूट लांब. बाबा श्रावणात दुकानाचं काम काढणारेत, कारण श्रावणात आपले लोक दाढी-कटिंग करत नाहीत आणि तीनपैकी दोन खुर्च्या रिकाम्याच असतात, टाइल्स नवीन, आरसे नवीन, वायरिंग नवीन. भिंतीवर आत्ता तेच जुने पोस्टर आहेत, परदेशी माणसांचे २४ चेहरे आणि प्रत्येकाखाली नंबर, उन्हाने सगळे निळे पडलेत. बाबा म्हणाले तसेच नवीन आणू. मी म्हटलं थांबा, मला द्या ही भिंत.

डोक्यात आहे ते असं, जगभरच्या चित्रांत नि शिल्पांत केस करणं, केस कापणं कसं आलंय ते शोधायचं आणि त्यावरून लिनोकट करायचे, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून काढलेले छाप. साइज १२ बाय १८ इंच, उभे. मध्ये ४ इंच जागा सोडली तर आठ बसतात. रंग एकच, काळा. फ्रेम साध्या.

बाबा "बघ बाबा तुझं" एवढंच म्हणाले, पण संध्याकाळी पोस्टर उतरवायला स्वतःच स्टुलावर चढले.

१० जून, मंगळवार

आठवडाभर प्रिंटआउट गोळा केले आणि आज रिकाम्या दुकानात खुर्च्यांवर मांडून बाबांना दाखवले. सुरुवात अर्थातच अजिंठ्यापासून केली, लेणं १७, शृंगार करणारी राजकन्या, पाचव्या शतकातलं. हातात आरसा, बाजूला दासी, एकीकडे चवरी, एकीकडे तबक. कॉलेजात असताना सरांनी सांगितलेलं की आपल्या मुंबईच्या जेजे स्कूलची पोरं १८७२ पासून त्यांचे शिक्षक ग्रिफिथ्स साहेबांबरोबर तिथं जाऊन वर्षानुवर्षं या भिंतींच्या नकला करत होती आणि त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. ते ऐकल्यापासून अजिंठ्याचं कुठलंही चित्र बघताना मला आधी ती पोरं आठवतात, लेण्याच्या अंधारात मान वर करून बसलेली.

दुसरं रविवर्म्यांचं, केसांत गजरा माळणारी नायर स्त्री, १८७३ चं. बाबांना रविवर्मा आवडतोच, त्याच्या प्रेसची सुरुवात १८९४ ला आपल्या गिरगावात झाली म्हणून थोडा घरचा वाटतो.

बाबांनी सगळं शांतपणे बघितलं, चष्मा लावून, एकेक कागद उचलून. मग अजिंठ्याच्या राजकन्येकडे बोट करून विचारलं, "हिचे केस केले कोणी?"

मी म्हटलं, दासींनी केले असतील. "पण एकीच्या हातात चवरी आहे नि एकीच्या हातात तबक. फणी कुणाच्या हातात आहे?"

नाहीये फणी. मी परत बघितलं, खरंच नाही. केस झालेले आहेत, इतके सुंदर झालेत की दीड हजार वर्षांनंतरही लोक बघतायत, पण करणारीचं काम संपल्यावरचा क्षण रंगवलाय. रविवर्म्याची बाई तर स्वतःच माळतेय. मी जमवलेल्या २३ चित्रांपैकी १४ चित्रांत केस करणारं माणूसच नव्हतं, नुसते झालेले केस होते.

म्हणून ठरवलं. ज्या चित्रात केस करणाऱ्याचे हात दिसतात तीच घ्यायची, आणि त्यातून फक्त हात, केस आणि हत्यार एवढंच उचलायचं. राणीचा चेहरा नको, देवाचा पण नको. आठच्या आठ पॅनलमध्ये फक्त हात.

अजिंठा सोडताना जीवावर आलं खरं.

१७ जून, मंगळवार

इजिप्त. इथं नुसता खजिनाच आहे, आठवडाभर झोप नाही.

कैरोच्या म्युझियममध्ये कावित नावाच्या राणीची दगडी शवपेटी आहे, सुमारे चार हजार वर्षं जुनी. पेटीच्या बाजूवर कोरलंय की राणी बसलीये, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने वाटी ओठाला लावलीये, समोर माणूस पेय ओततोय आणि मागे दासी उभी राहून केसांच्या बारीक बटा करतेय. म्हणजे मेल्यानंतरच्या जगात पण केस करून देणारी लागणार म्हणून तिला दगडात सोबत घेतलंय.

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्या राणीच्या थडग्यातल्या तुकड्यांवर. राणी नेफेरु, साधारण त्याच काळातली. तिच्या थडग्याच्या भिंतीचे तुकडे आता न्यूयॉर्कला ब्रुकलिन म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्यावर राणीचे केस करणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांची नावं कोरलेली आहेत. एकीचं हेनुत, एकीचं इनू.

मी हे बाबांना रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "नाव लिहिलंय? कारागिराचं?" मी मोबाइलवर फोटो दाखवला तर त्यांनी झूम करून करून बघितला, चित्र नाही, अक्षरं. "यात हेनुत कुठलं?" मी दाखवलं. मग आईला पण दाखवलं. आमच्या दुकानाच्या बोर्डावर आजोबांचं नाव नाहीये, नुसतं देवाचं नाव आणि खाली केशकर्तनालय, तेव्हा तसंच असायचं सगळ्यांचं. ते काही बोलले नाहीत त्यावर, पण मला कळलं.

तिसरं चित्र थीब्जचं, युसरहात नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं, सुमारे १४०० इसवीसनपूर्व. सैन्यात भरती झालेली पोरं झाडाखाली केस कापून घ्यायला बसलीत. न्हावी एकाचं डोकं धरून काम करतोय आणि बाकीचे नंबर लावून बसलेत, काही चक्क पेंगतायत. आपल्याकडे वडाखाली, पिंपळाखाली बसतात तसंच हुबेहूब. बाबा म्हणाले रविवार आहे वाटतं त्यांचा.

पॅनल १ हेनुत. पॅनल २ झाडाखालचा न्हावी, इथं एका हाताने डोकं कसं स्थिर धरलंय ते महत्त्वाचं. बाबांचं म्हणणं कापणारा हात सगळ्यांना दिसतो, पण धरणारा हात ज्याला आला त्याला काम आलं.

२४ जून, मंगळवार

फोर्टातून लिनो आणला, सहा तुकडे. पावसाळ्यात लिनो कडक लागतो, आधी इस्त्रीने जरा शेकून घेतला की चाकू लोण्यासारखा जातो, फक्त मध्ये जाड कापड टाकायचं नाहीतर चिकटतो. हेनुतचा ब्लॉक कापायला सुरुवात केली. पहिली दोन तास फक्त बटा.

केस कापायचे म्हणजे इथं शब्दशः कापायचे आहेत आणि अडचण अशी की लिनोत जे कापून काढतो ते पांढरं येतं. काळा केस हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूचं काढून मधली रेघ उभी ठेवावी लागते, आणि एवढी बारीक रेघ लिनोत टिकत नाही, रोलर फिरवला की मोडते. म्हणून उलटं केलं, केसांचा अख्खा काळा गठ्ठा ठेवला आणि त्यात व्ही टूलने, म्हणजे इंग्रजी व्हीसारख्या टोकाच्या हत्याराने, पांढऱ्या रेघा ओढल्या, म्हणजे केसावर पडलेला उजेड. ते जमलं. बाबांना दाखवलं तर म्हणाले तेल लावलेले केस असेच दिसतात.

दुसरा ब्लॉक, झाडाखालचा न्हावी, रात्री एक वाजेपर्यंत बसून पूर्ण केला आणि सकाळी परळला मित्राच्या प्रेसवर जाऊन प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं. खूश होऊन दुकानात घेऊन आले. बाबा: "हा डावखुरा आहे का?"

छपाईत चित्र उलटं येतं. मला माहितीये, कॉलेजपासून माहितीये, पहिल्या ब्लॉकला ट्रेसिंग उलटं करून घेतलंच होतं, आणि दुसऱ्याला घाईत राहिलं. वस्तरा डाव्या हातात गेला. १२ तासांचं काम.

यातून एक वेगळीच गोष्ट कळली. मी बाबांसमोर न छापलेला ब्लॉक धरला तर तो त्यांना लगेच वाचता आला, कुठला अंगठा, कुठली करंगळी, काहीच गोंधळ नाही. मला तर आरसा धरल्याशिवाय कळत नाही. ते म्हणाले ४० वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड मी आरशातच बघतोय, समोरून बघितलं तर कधीकधी ओळखत नाही. आता प्रत्येक ट्रेसिंग आधी त्यांना दाखवायचं, मगच चाकू लावायचा.

६ जुलै, रविवार, आषाढी

दुकान सकाळी बंद, दुपारी उघडलं. सकाळी वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात रांगेत उभी होते, पावसात, आणि तिथंच पॅनल ३ सुचलं.

जनाबाई. तिच्या नावाच्या अभंगांत आहे की जनीचं डोकं उवांनी हैराण झालं तेव्हा विठाबाई धावून आली, देवाने स्वतःच्या हाताने तिचा बुचडा सोडला आणि उवा मारल्या. लहानपणी आत्या हे सांगायची तेव्हा आम्ही उवा म्हटलं की हसायचो. आता वाटतं की एवढं जवळचं दुसरं काय असेल. पायाशी बसणं नाही, दर्शन नाही, सरळ डोक्यात बोटं.

परदेशातल्या चित्रकारांनी पण हे रंगवलंय. डच चित्रकार टेर बोर्ख, १६५० च्या आसपास, आई पोराच्या डोक्यात बारीक फणी घालून उवा काढतेय, स्पेनच्या मुरीयोचं एक आहे त्यात म्हातारी नातवाचं डोकं बघतेय. राजेरजवाडे नाहीत, दागिने नाहीत, घरात रोज होतं ते काम. उवा काढायला जी नजर लागते तीच त्या बाईच्या चेहऱ्यावर आहे, डोळे बारीक आणि ओठ घट्ट मिटलेले. माझ्या आईचे असेच मिटायचे.

पण मी हात विठाबाईचेच काढणार. मागून सोडलेला बुचडा आणि दोन अंगठ्यांची नखं, एकमेकांवर टेकलेली. ते बघून कुणालाही कळेल काय चाललंय. देव आहे हे मात्र फक्त मनगटातल्या तुळशीमाळेवरून कळलं पाहिजे.

१५ जुलै, मंगळवार

हा आठवडा फ्रेंच चित्रकार देगाचा. १८९६ च्या सुमाराचं मोठं चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, सगळं लाल, भिंत लाल, कपडे लाल, केस पण लाल. बाई खुर्चीत मागे कलंडलीये आणि मोलकरीण उभी राहून तिचे लांब केस विंचरतेय. हे चित्र काही काळ चित्रकार मातिसकडे होतं म्हणे, आणि मातिसचे लाल रंग आठवले की पटतं.

मी ते दाखवलं तेव्हा आई पण दुकानात होती. ती म्हणाली, हिला दुखतंय. का, तर बाईचा एक हात वर डोक्याशी गेलाय. आपण पण तेच करायचो, आई वेणी घालताना जोरात ओढायला लागली की मुळाशी हात दाबून धरायचा म्हणजे कमी दुखतं. बाबांनी मोलकरणीचे हात बघितले. एका हातात केसांचा झुपका, दुसऱ्या हातात फणी. "बरोबर धरलेत तिने. गाठ असेल. गाठीच्या वर धरायचं नि टोकाकडून सोडवत यायचं, ओढ मुळाला लागू द्यायची नाही. चूक तिची नाही." आणि मग दोघं त्यावरून भांडायला लागले, आई म्हणे तू कधी लांब केस विंचरलेत, बाबा म्हणे रोज करतो तेच काम. मला एवढं मस्त वाटलं, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसच्या दोन बायांवरून लालबागमध्ये वाद.

चित्रकार मेरी कॅसाटचं पण बघितलं, १८९०-९१ चं, आरशासमोर बसून बाई स्वतःचे केस वर बांधतेय. १८९० ला पॅरिसमध्ये जपानी छापांचं मोठं प्रदर्शन भरलेलं, ते बघून तिने दहा रंगीत छापांचा संच केला त्यातलं हे. सुंदर आहे, रेघ बघावी तर अशी. पण हात तिचेच, म्हणून घेता येत नाही. नियम म्हणजे नियम.

त्याऐवजी कॅसाट जिथून शिकली तिथंच गेले. जपानी छापांचा चित्रकार उतामारो, साधारण १७९८. बायकांच्या बारा कामांची त्याची मालिका आहे त्यात एक छाप केस बांधणारीचा आहे. तिला जपानीत कामियुइ म्हणतात. नाव हेनुतसारखं दिलेलं नाही, पण चित्र तिच्या धंद्याचं आहे, बसलेली बाई तिथं गिऱ्हाईक म्हणून आहे. एवढाच फरक, पण मी महिनाभर हाच फरक शोधतेय.

आणि छपाईवाली म्हणून मला तिथं वेगळंच वेड लागलं. कपाळाशी केस जिथं सुरू होतात ना, तिथल्या एकेक केसाची रेघ त्यांनी चेरीच्या लाकडात उभी ठेवलीये. मी लिनोत जे करायला घाबरले तेच. चित्र काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि कोरणाऱ्यांतसुद्धा चेहरा नि केस हे काम सगळ्यात पोहोचलेल्या माणसाकडे, बाकीचे कपडे वगैरे कोरायचे. म्हणजे उतामारोच्या बाईचे केस खरं तर त्या कोरणाऱ्याने केलेत.

पॅनल ४ उतामारो, पॅनल ५ देगा. उतामारोच्या पॅनलमध्ये एक इंचभर जागेत तरी काळी रेघ उभी ठेवून बघणारच, मोडली तर मोडली.

२२ जुलै

मोडली. चार वेळा. पाचव्यांदा अकरा रेघा राहिल्या. तेवढ्या पुरे.

शाई वाळत नाहीये, हवेत पाणीच आहे सगळं. प्रेसवर दोरीला टांगलेले प्रिंट तीन दिवस झाले तरी बोटाला लागतायत.

२९ जुलै, मंगळवार

श्रावण लागला, दुकान उकरलंय. जुने आरसे काढले तर मागे भिंतीवर आजोबांच्या वेळचा पिस्ता रंग निघाला. बाबा थोडा वेळ तिथंच उभे.

रोमनांवर काम चालू. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची बायको ज्युलिया डोम्ना, तिच्या संगमरवरी मूर्तींवरचे केस असे अवाढव्य आहेत की अभ्यासक म्हणायचे हा टोपच असणार. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॅनेट स्टीफन्स नावाची केशकर्मी, धंद्याने सलूनमध्ये काम करणारी, २००१ मध्ये तिथल्या म्युझियममध्ये गेली आणि तिने तो पुतळा मागून बघितला. पुतळे बहुतेक भिंतीला पाठ लावून असतात, हा मोकळा होता. मागून बघितल्यावर तिला वाटलं हे तर खऱ्या केसांत होऊ शकतं. घरी येऊन करून बघितलं, पिनांनी काही टिकेना. मग जुन्या लॅटिन मजकुरात गेली, तिथं केस करण्याच्या संदर्भात आकुस असा शब्द येतो, त्याचा अर्थ सगळ्यांनी केसांची पिन लावलेला, पण त्याच शब्दाचा सरळ अर्थ सुई पण होतो. सुईदोरा! वेण्या एकमेकींना टाके घालून शिवायच्या. २००८ ला तिचा लेख रोमन पुरातत्त्वाच्या नियतकालिकात छापून आला.

मी हे वाचून अक्षरशः उठून उभी राहिले. इतकी वर्षं मोठमोठ्या लोकांनी समोरून बघितलं आणि ज्या बाईचे हात रोज केसांत होते तिने पाठीमागे जाऊन बघितलं.

आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटेना. "मग? गजरा आंबाड्याला शिवतातच की. माझ्या लग्नात आत्याने टाके घालून बसवलेला, रात्री काढता काढता पहाट झाली. आणि गंगावन काय चिकटवतात होय, दोऱ्यानेच गुंफतात." म्हणजे याचं उत्तर आमच्या घरात होतं, विचारायला कुणी आलं नाही एवढंच. पॅनल ६ मध्ये रोमन वेण्यांमधून जाणारी सुई आणि ती धरलेली बोटं, आणि बोटांना मॉडेल म्हणून आत्या. तिला रविवारी बोलावलंय.

५ ऑगस्ट

चित्रकार रुबेन्सचं सॅमसन आणि डिलायला, १६०९-१० चं. बायबलची गोष्ट, सॅमसनची ताकद केसांत, तो डिलायलाच्या मांडीवर झोपलाय आणि तिने बोलावलेला न्हावी त्याची बट कापतोय, मागे म्हातारी मेणबत्ती धरून उभी. न्हाव्याचे हात एकमेकांवरून आडवे गेलेत, क्रॉस. जाणकार म्हणतात ते दगाबाजीचं चिन्ह आहे. बाबांनी स्वतः हवेत करून बघितलं, कात्री घेऊन. "असं कुणी कापत नाही, हाताला पीळ बसतो. पण झोपलेल्या माणसाला धक्का न लावता कापायचं तर कदाचित असंच वाकडं व्हावं लागेल." हे मला चिन्हापेक्षा जास्त पटलं. पॅनल ७ पक्कं.

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलोचं १९४० चं स्वतःचं चित्र पण पुढ्यात आहे, नवरा रिव्हेराशी घटस्फोट झाल्यानंतरचं. पुरुषी सूट घालून खुर्चीत बसलीये, हातात कात्री, जमिनीवर सगळीकडे कापलेले केस. नियमात बसत नाही कारण हात तिचाच. पण त्या कात्रीवरून नजर हटत नाही. केस स्वतःच्या मर्जीने कापणं आणि दुसऱ्याने धरून कापणं यात जे अंतर आहे तेच आठव्या पॅनलमध्ये यायला हवं. आठव्यासाठी जे मनात आहे त्याचं चित्र मला कुठंच मिळालेलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

१८९०, मुंबई. विधवा बाईचं केशवपन करायची चाल होती तेव्हा, नवरा गेला की न्हाव्याला घरी बोलवायचे आणि बाईचं डोकं भादरायचं, पोरगी दहा-बारा वर्षांची असली तरी, आणि मग दर काही दिवसांनी पुन्हा. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली, शेकडो लोक जमले, आणि ठरलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. संपच केला. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे विचार यामागे होते. गिरणी कामगारांची संघटना काढणारे लोखंडे ते हेच, आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती पण त्याच वर्षी, १० जून १८९०. म्हणजे लालबाग-परळच्या सलूनमध्ये रविवारी जी गर्दी असते तिचं मूळ पण तिथंच जातं. बाबांना संपाचं माहीत होतं, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. रविवारचं माहीत नव्हतं.

देगाने, कॅसाटने, रविवर्म्याने रंगवलं त्याच दशकांतली ही गोष्ट. बाकी सात पॅनलमध्ये हात काहीतरी करतोय, विंचरतोय, शिवतोय, कापतोय. इथं हाताने काम नाकारलंय. ते कसं काढायचं? मी चार स्केच केली, मूठ वळलेली, हात वर केलेला, वस्तरा फेकलेला, सगळी मोर्च्याच्या पोस्टरसारखी झाली. खोटी वाटली.

बाबांनी स्केच बघितली आणि माळ्यावरून पणजोबांची धोकटी काढली. चामडं वाळून कडक झालंय. आत वस्तरा, नहराणी, चामड्याचा पट्टा, पितळी वाटी, छोटा आरसा. "वस्तरा कुणी फेकत नाही. पोट आहे ते." त्यांनी वस्तरा मिटला, कापडाने पुसला, धोकटीत सरकवला आणि वादी गुंडाळली. दोन फेरे, मग गाठ. मी म्हटलं परत करा. त्यांनी सात-आठ वेळा केलं, मी काढत राहिले. दुकान उकरलेलं, सिमेंटचा वास, एकच बल्ब.

गाठ बांधणाऱ्या दोन हातांचं स्केच झालं. अंगठा वादीवर दाबलेला.

२० ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस मुंबई पाण्यात होती, काल ट्रेन बंद, परळला जाता आलं नाही. प्रेसमध्ये पाणी शिरलं नाही हे नशीब, ब्लॉक माळ्यावर ठेवलेले.

आज श्रावण वद्य द्वादशी, सेना महाराजांची पुण्यतिथी. दुकान अर्धवट असलं तरी बाबांनी तसबीर नवीन भिंतीवर आधी लावून घेतली आणि मग हार. ही तसबीर आजोबांपासूनची आहे. सेना महाराज पूजेत गुंतलेले, राजाचं बोलावणं आलं तर विठ्ठलच धोकटी घेऊन गेला आणि राजाला तेलाच्या वाटीत देवाचं रूप दिसलं, ती गोष्ट. मी विचारलेलं यावर पण पॅनल करू का, तर बाबा म्हणाले महाराज आहेतच इथं, त्यांना परत कशाला काढायचं. खरंय. आठ तर झाली पण आहेत.

दुपारी प्रसाद झाल्यावर शेजारच्या दुकानातले दोन कारागीर आले होते, त्यांनी टेबलवरचे प्रिंट बघितले. कुणाला सांगावं लागलं नाही काय आहे ते. एकाने देगाच्या पॅनलवर बोट ठेवलं, "गाठ सोडवतोय."

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. मंगळवार असून दुकान उघडं, सकाळी सहापासून लाइन, महिनाभर श्रावण पाळलेली सगळी डोकी एकदम आलीत. आणि लालबाग म्हणजे बाहेर पाय ठेवायला जागा नाही. काल रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून आम्ही फ्रेम लावल्या. मी लेव्हल धरली, कारागिराने ड्रिल मारलं, बाबा लांबून डावीकडे-उजवीकडे सांगत होते. प्रत्येकाखाली छोटी पट्टी, त्यावर काय नि कुठलं ते. हेनुतच्या खाली नुसतं हेनुत, कारण तिच्या पॅनलमध्ये मी तिचं नाव तिच्याच लिपीत हाताच्या वर कोरलंय. आठव्याखाली मुंबई, १८९०.

दिवसभर बाकावर बसलेले लोक बघत होते. एक पोरगा जनाबाईचं पॅनल बघून आईला म्हणाला हे तू करतेस ते. एका आजोबांनी आठव्यासमोर उभं राहून पट्टी वाचली, मग धोकटीची गाठ बघितली, मग परत पट्टी, आणि नंबर आला तरी गेले नाहीत, मागच्याला पुढे पाठवलं.

रात्री दहाला गर्दी संपली तेव्हा बाबा आपल्या खुर्चीमागे उभे होते, आरशात बघत. त्यांच्या आरशात समोरच्या भिंतीवरचं बरोबर हेनुतचं पॅनल येतं. म्हणाले, दिवसभर ती माझ्यासमोर होती, पण नाव उलटं दिसतं. मी सांगितलं की इजिप्तची ती लिपी दोन्ही बाजूंनी लिहायचे, पक्षी नि माणसं ज्या दिशेला तोंड करून असतील तिकडून वाचायला सुरू करायचं, त्यामुळे आरशात पण तिचं नाव बरोबरच आहे, चूक नाही.

बाबांनी थोडा वेळ बघितलं. "नाव बरोबर असेल. हात डावा झालाय ना पण."

लिनोचा एक तुकडा लागेल, १२ बाय १८. यावेळी ट्रेसिंग उलटं करायचं नाही, सरळच लावायचं. गणपती गेले की फोर्टात जाईन.